बहिणीला साक्षीचं समन्स आलंय आणि ‘फुकट’ वकील दारात येऊन गेलाय

थोरली:

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. नाव, गाव, राज्य काहीच लिहीत नाही. तुम्हीही अंदाज बांधू नका, ही विनंती.

माझी धाकटी बहीण मार्च २०२२मध्ये ओळखीतल्या एका बाईबरोबर ब्युटी पार्लरच्या कामाला म्हणून परराज्यात गेली. महिनाभर फोन आले, मग बंद झाले. आम्ही हरवल्याची तक्रार दिली होती. डिसेंबर २०२२मध्ये तिकडच्या पोलिसांनी एका इमारतीवर धाड टाकली, त्यात ती सापडली. पुढे ११ महिने संरक्षणगृहात. ‘सुटका केली’ असं कागदावर लिहिलेलं होतं, मग कुलूप बाहेरून का होतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये घरी आणली. आता शिवणकाम करते, बऱ्यापैकी कमावते, हसतेसुद्धा.

गेल्या आठवड्यात समन्स आलं. हवालदारानं दारात उभं राहून तिचं पूर्ण नाव आणि कोर्टाचं नाव खणखणीत वाचलं. समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. दोन दिवसांनी एक गृहस्थ आले. मी वकील आहे, अशा मुलींची कामं फुकट करतो, म्हणाले. मी कामावर होते. बहिणीनं घाबरून वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही केली. दुसरा कागद स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र होता, त्यात ‘मी त्या ठिकाणी स्वखुशीने राहत होते, मला कोणी आणले नाही’ असं टाइप केलेलं. त्यावर सही करायच्या आधी तिनं मला फोटो पाठवला आणि मी ओरडले म्हणून ते राहिलं. आमचा पत्ता त्यांना कुणी दिला, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझे प्रश्न. ती आरोपी नाही ना? गेलीच नाही तर काय होईल? आमच्या बाजूचा वकील कोण असतो? भरपाई मिळते असं ऐकलंय, ती खटला संपल्यावरच का? आणि एक शेवटचं, कदाचित महत्त्वाचं नसेल: धाडीच्या कागदांत तिचं वय २२ लिहिलंय. खरं तर घरातून गेली तेव्हा १८ पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

गप्पिष्ट_काका:

ताई, रागावू नका, वडिलकीनं सांगतो. मुलगी घरी आली, मार्गाला लागली. उद्या स्थळं बघायची आहेत. कोर्टकचेरीत आयुष्य जातं. त्या वकिलाशी बोलून प्रकरण मिटवता आलं तर बघा.

थोरली:

काका, स्थळं ती बघेल तेव्हा बघेल. ज्या बाईनं तिला नेलं ती बाई मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या गल्लीत दिसली होती. मिटवायचं म्हणजे कुणाचं मिटवायचं?

पॅनेलवाली:

थोरली, मी वकील आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनेलवर १४ वर्षं काढली आहेत. तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याला तुम्ही ‘कदाचित महत्त्वाचं नसेल’ म्हणालात, तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण आधी त्या वकिलाचं बघू, कारण ते आज करायचं आहे.

साक्ष द्यायला वकालतनामा लागत नाही. तुमची बहीण आरोपी नाही, ती फिर्यादी पक्षाची साक्षीदार आहे आणि खटला सरकार चालवतंय. तिच्या सहीचा वकालतनामा घेऊन फिरणाऱ्या माणसाला तो कशासाठी हवा होता, याचं उत्तर त्या प्रतिज्ञापत्रात आहे. अशा वकिलाची फी कोण देतं हा पहिला प्रश्न विचारायचा. माझ्या अनुभवात निम्मे ‘समाजसेवक’ तिथेच पाणी मागतात. कुंटणखाना चालवणाऱ्यांचा वकील त्याच प्रकरणात सोडवलेल्या मुलींच्या वतीनं उभा राहू शकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २००२मध्येच ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेत सांगितलंय. तेव्हाही हेच चालायचं. एकच माणूस सकाळी मालकिणीचा जामीन मागायचा आणि दुपारी मुलींचा ताबा.

तर बहिणीच्या सहीनं एका पानाचं पत्र लिहा: ‘मी तुम्हाला दिलेला वकालतनामा रद्द करत आहे, माझ्या वतीने कोणताही कागद दाखल करू नये.’ स्पीड पोस्टानं त्याला पाठवा, प्रत कोर्टाला आणि सरकारी वकिलांना. प्रतिज्ञापत्राचा फोटो जपून ठेवा, तो डिलीट झाला तर मी तुमच्यावर ओरडेन. साक्षीदारावर खोटं बोलण्यासाठी दमदाटी झाली तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २३२. त्या गृहस्थांनी धमकी दिली नसेलही, पण ती बाई शेजारच्या गल्लीत दिसते आणि पाठोपाठ स्टॅम्पपेपर येतो, हे दोन्ही पोलिसांत लेखी द्या. त्याच्या आधारावर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८मध्ये मान्य केलेली योजना आहे. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेली समिती अर्ज बघते आणि धोका किती याचा अहवाल पोलिसांच्या उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून मागवते. कागदावर त्याला पाच कामाचे दिवस आहेत. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, पण अर्जाची पोच हातात असली की पोलीस जरा वेगळं वागतात.

आता तुमचा वकील. मानवी तस्करीतली पीडित व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, दोघींना मोफत वकील हा हक्क आहे: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. तुमची बहीण दोन्हीत बसते. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला तर देऊ नका, या गटांना उत्पन्नाची अट नाही. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, फोन करायचा तर १५१००. अर्जात स्पष्ट लिहा की खटला परराज्यात आहे आणि तिकडच्या प्राधिकरणानं वकील नेमावा. तो वकील सरकारी वकिलाची जागा घेत नाही. कोर्टाच्या परवानगीनं त्यांना मदत करतो, तिच्या बाजूचे अर्ज देतो, तारखांवर लक्ष ठेवतो. आणि मुख्य म्हणजे साक्षीच्या दिवशी तिच्या शेजारी एक ओळखीचा काळा कोट असतो. याची किंमत बाहेरच्या माणसाला कळत नाही.

नाही गेली तर? एखाद्या तारखेला कारण कळवून नाही गेली तर काही होत नाही. सारखी गैरहजर राहिली तर जामीनपात्र वॉरंट निघू शकतं. पण जाणं सोपं करायचे रस्ते आहेत. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं तुमच्या जिल्ह्यातल्या कोर्टातून साक्ष घ्यावी, असा अर्ज करता येतो. प्रत्यक्ष जायचं ठरलं तर बंद दालनात साक्ष आणि आरोपी दिसू नये म्हणून पडदा मागा, साक्षीदाराचा प्रवासभत्ताही मागा. हे मागितल्याशिवाय कुणी देत नाही. समन्स दारात ओरडून वाचल्याबद्दल पोलीस अधीक्षकांकडे तक्रार द्या. त्यातून त्या हवालदाराला फार काही होणार नाही. पण पुढचं समन्स तुमच्या फोनवर कळवून, साध्या कपड्यातल्या महिला कर्मचाऱ्याकरवी द्यावं असं त्याच तक्रारीत लिहा.

आता वय. गुन्हा २०२२चा, म्हणून नवी न्याय संहिता नाही, जुनं भारतीय दंड विधान लागू: कलम ३७०. प्रौढ व्यक्तीच्या तस्करीला सात ते दहा वर्षं. पीडित अल्पवयीन असेल तर किमान दहा वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत. तिला नेलं मार्चमध्ये, अठरा पूर्ण झाली जुलैमध्ये. मधल्या चार महिन्यांत जे झालं त्याला पॉक्सोही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदाही, लागतो. धाड पडली तेव्हा ती प्रौढ होती म्हणून कुणी मागे वळून बघितलंच नाही. वय २२ कुणी लिहिलं? पोलिसांनी, मालकिणीनं सांगितलं तसं, किंवा बहिणीनं, मालकिणीनं पढवलं तसं. हे नेहमीचं आहे. निकाल लागेपर्यंत कोर्टाला दोषारोप बदलता येतात, त्यामुळे उशीर झालेला नाही, पण तिची साक्ष होण्याआधी वयाचा पुरावा सरकारी वकिलांच्या हातात पडला पाहिजे. साक्षीनंतर सांगितलंत तर उलटतपासणीत तिलाच खोटी ठरवतील.

‘स्वखुशीने राहत होते’ याबद्दलही एक ओळ. कलम ३७० मध्येच लिहिलंय की तस्करी ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे. म्हणजे ते प्रतिज्ञापत्र कायद्यानं फारसं उपयोगाचं नव्हतं. ते तिला फितूर, म्हणजे जबाब फिरवलेली साक्षीदार, ठरवायला उपयोगाचं होतं.

कुलपाचा तुमचा प्रश्न. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या कलम १७ खाली दंडाधिकारी चौकशी करून सोडवलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. त्यात ‘तिला विचारा’ हा भाग अनेक वर्षं कुणाला सुचला नाही. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करा आणि त्यांना सोडा. तुमची बहीण त्यानंतर ११ महिने आत होती. यावर मला जे म्हणायचंय ते इथे लिहिता येत नाही.

भरपाईचं उद्या लिहिते, आता तारखेला निघायचंय.

नाव_नको:

मी सात वर्षांपूर्वी या पिंजऱ्यात उभी राहिले आहे. म्हणजे साक्षीदाराच्या. पॅनेलवालींनी कायदा सांगितलाय, मी फक्त तो दिवस सांगते, तुझ्या बहिणीला वाचून दाखव.

पहिल्या तारखेला काहीच झालं नाही. दिवसभर बाकावर बसले आणि चार वाजता सांगितलं, पुढची तारीख. मी रात्रभर जागून तयारी केलेली. तर पहिल्या तारखेला साक्ष होईलच असं धरू नका, घरी परत येताना तुटल्यासारखं होतं.

सरकारी वकील आधी भेटले, जेमतेम पंधरा मिनिटं. मला वाटलेलं की सगळी गोष्ट सुरुवातीपासून सांगायची. तसं नसतं. ते विचारतात तेवढंच. दंडाधिकाऱ्यांसमोर मी दिलेला जबाब मी आधी मागून वाचला होता, ते फार बरं झालं, कारण चार वर्षांनी मला महिनासुद्धा आठवत नव्हता. आरोपीच्या वकिलानं विचारलं कोणता महिना. मी म्हटलं पावसाळा होता, खिडकीतून पाणी आत यायचं. तो हसला. न्यायाधीशबाईंनी मात्र ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं. ‘आठवत नाही’ म्हणायला घाबरायचं नाही. अंदाजानं तारीख सांगितली की पकडतात.

मग विचारलं, तुला पैसे किती मिळायचे, पळून का नाही गेलीस, आधीपासून कुणाशी संबंध होते का. शेवटच्या प्रश्नावर न्यायाधीशबाईंनी त्याला थांबवलं, हा प्रश्न विचारता येत नाही म्हणाल्या. मला माहीत नव्हतं की थांबवता येतं. माहीत असतं तर आधीच्या रात्री झोपले असते.

माझी मावशी बरोबर होती. बहिणीबरोबर तू जाशील ना? आत बसू देत नाहीत म्हणाले तर परवानगी मागायची, मिळते.

निकाल असा लागला की बाईला शिक्षा झाली, ज्यानं मला विकलं तो सुटला. पीडितेला स्वतः अपील करता येतं हे मला तेव्हाच्या पॅनेलच्या वकिलांनी सांगितलं, त्यासाठीही त्यांनी पैसे घेतले नाहीत. अपील केलंय. अजून लागलेलं नाही.

पॅनेलवाली:

नाव_नको, तुमचं लिहिणं मी छापून माझ्या फाइलला लावू का? नाव नसेलच.

थोरली, भरपाई. खटला संपायची वाट बघू नका. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही तरी पीडितेला राज्याच्या योजनेतून भरपाई मागता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७-अ, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३९६. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच, आणि चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असं कायदा म्हणतो. गुन्हा तिकडे नोंदलाय म्हणून योजना तिकडची लागेल, त्याच नेमलेल्या वकिलाला सांगा. महिलांसाठी २०१८ची जी राष्ट्रीय योजना आहे तिच्या तक्त्यात बलात्काराला चार ते सात लाख, सामूहिक असेल तर पाच ते दहा. त्यामुळे अर्जात नुसतं ‘मानवी तस्करी’ लिहून सोडू नका. तिच्यावर काय काय झालं, किती काळ, कोणते उपचार चालू आहेत, झोप लागत नाही, हे सगळं वेगवेगळं लिहा. रक्कम त्यावर ठरते. अंतरिम रक्कमही मागा.

मुदत तीन वर्षं आहे, गुन्हा घडल्यापासून किंवा खटला संपल्यापासून. तुमचा खटला चालू आहे, म्हणून अडचण नाही. काउंटरवर कुणी ‘मुदत गेली’ म्हणालं तर तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा मुदत परत येते. आणि मिळालेल्या रकमेतला ७५ टक्के भाग किमान तीन वर्षं मुदत ठेवीत जातो, २५ टक्के हातात. हे तिला आधीच सांगा, नाहीतर शिवणयंत्राचे हिशेब चुकतात.

थोरली:

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

पत्र पाठवलं, पोच आली. प्राधिकरणाच्या ऑफिसात आधी एक जण म्हणाले, केस इथली नाही, तिकडे जा. मी १५१०० लावला, त्यांच्यासमोरच. मग अर्ज घेतला. उत्पन्नाचा दाखला मागितला. मी पॅनेलवालींचं वाक्य म्हटलं, तर आतल्या मॅडम बाहेर आल्या आणि नको म्हणाल्या. चार दिवसांनी तिकडच्या वकीलबाईंचा स्वतः फोन आला. बहिणीशी अर्धा तास बोलल्या. फोन ठेवल्यावर बहीण म्हणाली, ‘त्यांनी मला तुम्ही म्हटलं.’

वयाचं अडलंय. बहिणीनं नववीत शाळा सोडली, दहावीचं काही नाही. शाळा सोडल्याचा दाखला आईच्या ट्रंकेत सापडला, त्यावर जन्मतारीख आहे. पण मनात एकच भीती आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबात तिनं स्वतःच २२ सांगितलंय. त्या बाईनं तसं घोटून घेतलं होतं. आता १७ सांगितलं तर खोटं बोलली म्हणून तिलाच धरतील का?

पॅनेलवाली:

नाही. जसं झालं तसंच सांगायचं: मला २२ सांगायला लावलं होतं, मी घाबरले होते. कोर्टानं हे शंभर वेळा ऐकलेलं असतं. तोंडी वयापेक्षा कागद मोठा. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ क्रम लावून देतं: आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी.

पण नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. तो त्या क्रमात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये म्हटलंय, समोरचा वकील तेच वाचून दाखवेल. जन्मनोंदीचा उतारा काढा, या आठवड्यात. आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, पोलिसांच्याही. साक्षांकित प्रती द्यायच्या, मूळ कोर्टात दाखवायचं.

थोरली:

आजच उतारा काढून आणला. नोंद आहे, तारीख दाखल्याशी जुळते, आईवडिलांची नावं आहेत. पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. तिथे फक्त ‘स्त्री’ लिहिलंय. ग्रामसेवक म्हणाले, तेव्हा असंच असायचं. हा चालेल का?

पॅनेलवाली:

चालेल. माझ्या दोन प्रकरणांत असाच कोरा रकाना होता. आईवडिलांची नावं आणि तारीख हाच खरा पुरावा. मात्र आईला साक्षीला उभं राहावं लागेल, वकीलबाईंना आजच सांगून त्यांचं नाव साक्षीदारांच्या यादीत घालून घ्या. आईनं तीन गोष्टी सांगायच्या: या नोंदीतली मुलगी हीच, तुम्ही मोठ्या, आणि तुमच्या दोघींशिवाय तिसरं मूल नाही. तुमचाही जन्मदाखला बरोबर असू द्या, म्हणजे ती नोंद तुमची आहे असं म्हणायला जागा राहणार नाही.